लग्नाच्या फोटोत मागचं किती ब्लर ठेवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, बीड, धाराशिव, नांदेड या भागात लग्नांचं काम करताना आम्हाला दोन प्रकारची माणसं प्रश्न विचारतात. एक, ज्यांच्या घरी लग्न आहे ती. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "मागचं ब्लर करून देता ना?" दुसरी, नुकताच कॅमेरा घेतलेली पोरं. त्यांना कुठली लेन्स घेऊ, किती नंबरवर ठेवू हे हवं असतं. दोघांचे प्रश्न इथं एकत्र घेतलेत. आमचं मत आधीच सांगतो. ब्लर आम्हालाही आवडतो आणि आम्ही तो रोज वापरतो. पण लग्न कुठं झालं, कुणाच्या दारात झालं, हे अल्बममधून पुसलं जाईल इतका ब्लर आम्ही सगळ्या फोटोंना देत नाही. तुम्ही मागितला तरी आधी तुमच्याशी बोलतो.

मागचं ब्लर होतं म्हणजे नेमकं काय होतं?

लेन्स एका वेळी एकाच अंतरावरचं नीट टिपते. त्याच्या पुढचा-मागचा प्रत्येक ठिपका फोटोत ठिपका न राहता पसरून गोल चकती होतो. चकती लहान असेल तर वस्तू जराशी मऊ दिसते, मोठी असेल तर नुसता रंग उरतो.

ही चकती केवढी होणार याचा हिशोब सोपा आहे. नव्या पोरांनी तो पाठच करावा. लेन्सची फोकल लेंथ (लेन्सवरचा ५०, ८५ असा आकडा) मिलिमीटरमध्ये घ्या आणि तिला एफ नंबरनं भागा. एफ नंबर म्हणजे लेन्सचं तोंड, म्हणजेच ॲपर्चर, किती उघडं आहे त्याचा आकडा; तो जितका लहान तितकं तोंड मोठं. ५० ची लेन्स एफ/१.८ वर असेल तर उत्तर येतं २८ मिलिमीटर. म्हणजे नवरीच्या चेहऱ्यावर फोकस केलाय आणि फार लांब एक बल्ब लागलाय, तर तो बल्ब फोटोत तिच्या गालाशेजारी जवळपास दहा रुपयांच्या नाण्याएवढा दिसेल. ८५ ची लेन्स एफ/१.८ वर लावली तर ४७ मिलिमीटर, २०० ची एफ/२.८ वर लावली तर ७१. आणि ३५ ची लेन्स एफ/४ वर ठेवली तर पुरते ९ मिलिमीटरही भरत नाहीत.

हा झाला खूप लांबच्या वस्तूंचा हिशोब. मागची भिंत जवळ असेल तर चकती लहान होते. तुम्ही नवरीपासून जितके लांब उभे आहात, भिंत तिच्यामागं तितकीच लांब असेल तर चकती बरोबर निम्मी. नवरी भिंतीला टेकून उभी असेल तर लाखाची लेन्सही भिंत उडवू शकत नाही. म्हणून "मागचं ब्लर येत नाहीये" अशी तक्रार घेऊन कुणी आलं की आम्ही लेन्स बघतच नाही. माणसाला भिंतीपासून चार पावलं पुढं घ्यायला सांगतो, आणि निम्म्याहून अधिक काम तिथंच होतं.

माझ्याकडे ५० एमएम १.८ लेन्स आहे. लग्नाचं काम करता येईल का?

येईल. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडीवर ती ७५-८० सारखी दिसेल, म्हणजे चेहऱ्यांना छान, पण खोलीत अडचण. सोबत कॅमेऱ्याबरोबर आलेली किटची १८-५५ ठेवा आणि तिला कमी लेखू नका. घर, मांडव, पंगत यांचे फोटो तीच काढून देणार आहे.

मग तुम्ही सगळे फोटो एफ/१.८ वरच का काढत नाही? तेच तर भारी दिसतात.

पहिलं कारण फोकसचं. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ ची लेन्स एफ/१.८ वर ठेवून दोन मीटरवरून फोटो काढला, तर नीट दिसणारा पट्टा जेमतेम ६ सेंटिमीटरचा असतो. नवरीनं मान थोडी वळवली की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा मऊ. नथ स्पष्ट आली तर कानातले वेल गेले. तीन मीटरवर गेलात तर पट्टा १३ सेंटिमीटरचा होतो, म्हणून आम्ही शक्यतो तीन मीटरच्या आत एवढं उघडं ॲपर्चर ठेवत नाही.

दुसरं कारण आम्ही एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका जुन्या वाड्यातलं लग्न होतं. सकाळी नवरी वाड्याच्या दारापुढं उभी राहिली. दार सागवानी, प्रत्येक फळीवर चार-चार सेंटिमीटरची कोरलेली फुलं, मधोमध पितळी कडी. मी तीन मीटरवर, दार तिच्यामागं तीन मीटरवर, लेन्स ८५ ची, एफ/१.८. वरचाच हिशोब लावा. चकती २४ मिलिमीटरची झाली आणि फूल दुप्पट अंतरावर असल्यानं २० मिलिमीटर एवढंच दिसत होतं. म्हणजे फुलापेक्षा चकतीच मोठी. एक फूल दिसलं नाही. मागं तपकिरी रंगाचा पडदा टांगल्यासारखं झालं. फोटो त्या वेळी सगळ्यांना आवडला, मलाही. पुढं वाटण्या झाल्या, वाडा पाडला, दार विकलं गेलं. घरातल्या मोठ्या भावानं फोन करून विचारलं, "दाराचा एक तरी फोटो असेल ना तुमच्याकडं?" सगळी हार्ड डिस्क चाळली. दार शंभरेक फोटोंत होतं, पण एकातही कडी दिसत नव्हती.

तोच फोटो एफ/५.६ वर काढला असता तर चकती साडेसात मिलिमीटरची झाली असती. नवरी तेवढीच उठून दिसली असती आणि फुलंही ओळखू आली असती. सकाळचं ऊन होतं, उजेडाची अडचण काहीच नव्हती. फक्त सवयीनं बोट १.८ वर गेलं होतं.

ब्लर किती ठेवायचा, हे कसं ठरवता?

प्रत्येक फोटोला एकच गोष्ट विचारायची: मागं जे आहे ते या घराचं आहे, की भाड्यानं आलेलं आहे?

भाड्यानं आलेलं म्हणजे प्लास्टिकच्या खुर्च्या, कूलर, जनरेटरची वायर, डेकोरेशनवाल्याच्या थर्माकोलच्या कमानी. ते खुशाल उडवा. घराचं म्हणजे ढाळज (दारातली बसायची ओसरी), देवळी (भिंतीतला कोनाडा), तुळस, दारापुढचा लिंब, बैलांचा गोठा, वेशीतला मारुती. आणि माणसं. मागं उभी असलेली माणसं कायम घराचीच धरायची.

आकड्यात सांगायचं तर आमचे तीन टप्पे आहेत. चकती १० मिलिमीटरच्या आत असेल तर मागचं वाचता येतं, म्हणजे माणूस कोण आहे तेही कळतं. २० ते ३० मध्ये ओळखीचा माणूस ओळखतो, परका नाही. घरच्यांना कळेल की हा आपला लिंब, हे आपलं अंगण. अल्बममधले सगळ्यात जास्त फोटो आम्ही या दोन टप्प्यांत ठेवतो. ५० च्या पुढं नुसता रंग उरतो. तो टप्पा डोळ्यातल्या पाण्यासाठी, मेंदीसाठी, मंगळसूत्राच्या वाट्यांसाठी. एका लग्नात असे पंचवीस-तीस फोटो पुरेत.

आमचं लग्न गावातच, दारात मांडव घालून आहे. कार्यालयासारखे फोटो येतील का?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज खाली जातो, याचं फार वाईट वाटतं. कार्यालयातल्यापेक्षा गावातले फोटो चांगले येतात. अमुक एक लॉन तीनशे लग्नांच्या अल्बममध्ये सारखंच दिसतं. तुमच्या दारातली ढाळज फक्त तुमच्याच अल्बममध्ये असणार.

आपल्याकडच्या जुन्या घरात उजेडही फार देखणा असतो. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात खिडक्या कमी. उजेड एक तर दारातून येतो, नाही तर माळवदातल्या झरोक्यातून सरळ खाली पडतो. त्या झरोक्याखाली नवरीला बसवून मुंडावळ्या बांधल्या तर लाइट लावायची गरज पडत नाही. मागची भिंत आपोआप अंधारात जाते आणि तिच्यातली देवळी तेवढी मंद दिसत राहते. ३५ ची लेन्स, एफ/२.८, आयएसओ (कॅमेरा उजेड किती पकडतो त्याचा आकडा) १६०० च्या आसपास. एवढंच.

आणि एक अनुभव सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. नंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. अशाच एका गावात आम्ही नातवाच्या लग्नाची बोलणी करायला गेलो होतो. आजीनं ट्रंकेतून स्वतःच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम काढला, भूकंपाच्या आधीचा. फोटोत मुलगी मधोमध बसलेली, कपाळावर मुंडावळ्या. पण आजीचं बोट मुलीवर गेलंच नाही. ते तिच्या खांद्याच्या वर, भिंतीवर गेलं. "ही आमची देवळी. हितं चिमणी ठेवायचो." भिंतीतला एक-एक दगड दिसत होता. चिमणीच्या काजळीचा काळा डाग दिसत होता. मागं ढाळजेत बसलेली चार माणसं होती. त्यांची नावं तिनं सावकाश, एक-एक करून सांगितली.

तो फोटो काढणाऱ्यानं मुद्दाम काही केलं नव्हतं. तेव्हा १०० स्पीडचा रोल असायचा, वर फ्लॅश, आणि ॲपर्चर एफ/८. त्यामुळं पुढचं-मागचं सगळंच स्पष्ट यायचं. आज आपल्या हातात दोन्ही आहे. त्यामुळं मागचं ठेवायचं की घालवायचं याची जबाबदारीही आपल्याच हातात आली आहे.

म्हणून गावातल्या लग्नात आम्ही पहाटे, पाव्हणे उठायच्या आधी, रिकाम्या घराचे दहा-बारा फोटो काढतो. एफ/८, कॅमेरा ट्रायपॉडवर, चुलीपासून माळवदापर्यंत. त्याचे पैसे वेगळे घेत नाही.

कार्यालयात एलईडी वॉल आणि रंगीत लाइट असतात. तिथं काय करायचं?

एलईडी वॉलवर स्पष्ट फोकस आला तर तिच्या बारीक दिव्यांची जाळी आणि सेन्सरची जाळी एकमेकांत अडकतात आणि फोटोवर लाटांसारखी नक्षी उमटते. ती एडिटिंगमध्ये नीट जात नाही. वॉल जराशी जरी फोकसबाहेर गेली तरी नक्षी नाहीशी होते. म्हणजे इथं ब्लर औषधासारखा चालतो: एफ/२.८, आणि जोडप्याला वॉलपासून शक्य तितकं पुढं घ्या.

दिव्यांमुळं काळे-पांढरे पट्टे येत असतील तर शटर १/५० किंवा १/१०० वर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. वॉलचं लुकलुकणं मात्र वेगळं असतं, तिथं दोन-तीन शटर स्पीड लावून बघावे लागतात.

वॉलवर दोघांची नावं येतात त्याचा एक फोटो लांबून, सगळं स्टेज दिसेल असा घेतो. तेवढा पुरतो.

दुपारच्या मुहूर्ताला मांडवाबाहेरचं सगळं पांढरं फटक येतं. हाही ब्लरच का?

नाही, पण परिणाम तोच: जागा नाहीशी होते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४० च्या पुढं जातो आणि साडेबाराच्या मुहूर्ताला बाहेरचं ऊन मांडवातल्या उजेडाच्या कितीतरी पट असतं. आतल्या चेहऱ्याला उजेड धरला की बाहेरचं रान, गाड्या, वेस सगळं जळून जातं. यावर दोन उपाय. एक, आपण अशा बाजूला उभं राहायचं की नवरानवरीच्या मागं मांडवाचाच भाग येईल, म्हणजे बसलेली माणसं. दुसरा, चेहऱ्यांवर फ्लॅश टाकून आतलं-बाहेरचं अंतर कमी करायचं. पहिला उपाय आमचा आवडता, कारण त्यात गावही सापडतं.

मांडवाचं कापड लाल-हिरवं असेल तर तोच रंग चेहऱ्यांवर उतरतो. मुहूर्ताच्या जागेवर तरी पांढरं कापड लावायला मांडववाल्याला सांगा. मागचं ठेवा की उडवा, चेहरा हिरवा आला तर काहीच उपयोग नाही.

उघड्या उन्हात नव्या पोरांची आणखी एक फसगत होते. कडक उन्हात आयएसओ १०० ठेवून एफ/१.८ वर बरोबर उजेड हवा असेल तर शटर १/८००० च्या आसपास लागतं. बऱ्याच साध्या बॉडी १/४००० वरच थांबतात, आणि फोटो पांढरा पडतो. लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा, नाही तर सरळ एफ/४ वर या. शेतात एफ/४ नं काही बिघडत नाही.

हळदीला काय वेगळं करता?

हळद हा हातांचा कार्यक्रम आहे. एका चेहऱ्याभोवती आठ-दहा हात. एफ/१.८ वर काढलं तर चेहरा राहतो आणि हात विरघळतात. एफ/४ वर या.

जागा मात्र बदलायला लावतो. हळद बहुतेक वेळा बोअरजवळ असते आणि मागं निळे प्लास्टिकचे ड्रम रांगेनं असतात. पिवळ्याशेजारी तो निळा रंग डोळ्यात खुपतो. पाट दोन मीटर सरकवला की ड्रमच्या जागी कडब्याची गंजी येते, आणि गंजीचा रंग हळदीला इतका शोभतो की वेगळं डेकोरेशन लागत नाही. एका टंचाईच्या वर्षी मागं पाण्याचा टँकर उभा होता. घरच्यांनी तो नको म्हटलं, बाकी सगळ्या फोटोंत आम्ही तो टाळला. पण एक फोटो टँकरसकट काढून ठेवला आणि पेन ड्राइव्हमध्ये दिला. त्या वर्षी लग्न कसं पार पाडलं हे त्या एका फोटोत आहे.

मंगलाष्टकांच्या वेळी फोकस कुणावर?

अंतरपाट धरलेला असताना दोघं समोरासमोर असतात. तुम्ही अंतरपाटाच्या रेषेत, बाजूला उभे राहिलात तर नवरा आणि नवरी तुमच्यापासून सारख्याच अंतरावर येतात, म्हणून एफ/२.८ वरही दोघं स्पष्ट मिळतात. नवरदेवाच्या खांद्यामागून काढलं तर एकालाच निवडावं लागतं.

पण आमचं लक्ष तेव्हा अक्षतांवर असतं. शेवटचं "सावधान" झालं की मांडवभर अक्षता उडतात आणि मागं दोन-तीनशे माणसांचे हात एकाच वेळी वर जातात. हा फोटो ब्लरमध्ये घालवायचा नाही. २४ किंवा ३५ ची लेन्स, एफ/५.६, अक्षता हवेत थांबलेल्या हव्या तर शटर १/५०० च्या वर. एक जण स्टेजवर नवरानवरीच्या मागं उभा राहून गावाकडं तोंड करून हाच क्षण काढतो. गोरज मुहूर्त असेल तर उजेड झपाट्यानं जातो. तेव्हा आयएसओ वाढवतो, ॲपर्चर उघडत नाही. फोटोत थोडे दाणे आले तरी माणसं दिसतात.

ग्रुप फोटोत मागच्या रांगेतले लोक धूसर येतात.

एफ/५.६ च्या खाली जाऊ नका. ३५ ची लेन्स, एफ/५.६, चार मीटरवर फोकस, एवढं ठेवलं तर फुल फ्रेमवर साधारण अडीच मीटरपासून साडेआठ मीटरपर्यंत सगळं ठीक येतं. फोकस पहिल्या रांगेवर.

प्री-वेडिंगला मराठवाड्यात कुठं जावं? ठिकाण ओळखू आलं पाहिजे, पण आम्हीही उठून दिसलो पाहिजे.

ठिकाण मोठं दिसण्याचं गुपित तुम्ही किती लांब उभे राहता यात आहे. बीबी का मकबऱ्यापुढं जोडप्याच्या दोन मीटरवर उभं राहून २४ च्या लेन्सनं काढलं तर घुमट त्यांच्या खांद्यावर अंगठ्याएवढा दिसतो. तेच फोटोग्राफर वीस पावलं मागं गेला आणि २०० ची लेन्स लावली, तर जोडपं तेवढंच राहतं आणि घुमट त्यांच्यामागं भरून येतो. अशा वेळी एफ/८ ठेवा. चकती २५ मिलिमीटर होते, मिनार ओळखू येतात आणि जोडपं वेगळं राहतं. एफ/२.८ वर तिथं फक्त पांढुरका ढग येईल आणि त्यासाठी संभाजीनगरला जायची गरज नव्हती. मकबरा ही कबर आहे, दिलरास बानू बेगम यांची. तिथं कसे कपडे, कशा पोझ, याचा विचार करूनच जा.

देवगिरीला चांदमिनार आणि बालेकिल्ला एका फ्रेममध्ये हवे असतील तर पायथ्याशीच लांब उभं राहावं लागतं. वर चढून गेल्यावर किल्ला दिसत नाही, दिसतं ते रान. वेरूळ मंगळवारी बंद असतं. कैलास लेणं वरून खाली कोरलेलं आहे, त्यामुळं आतल्या चौकात मागं सरकायला जागा कमी आणि सावली गडद. तिथं जोडप्याचे फोटो काढण्यापेक्षा ते मनसोक्त बघून यावं, असं मला मनापासून वाटतं.

नळदुर्गचा किल्ला मला सगळ्यात आवडतो. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. नर-मादी धबधबे मात्र नदीला पाणी असेल तेव्हाच पडतात. उन्हाळ्यातल्या लग्नासाठी एप्रिलमध्ये गेलात तर कोरडी भिंत मिळेल, म्हणून धबधबा हवा असेल तर पावसाळ्यातच शूट उरका. कंधार, उदगीर, औसा इथले किल्ले, खरोसा लेणी, नांदेडचे गोदावरीचे घाट, पैठणजवळचा नाथसागर, सगळी ठिकाणं चांगली. पण ती तुमची कोण? मुलीचं आजोळ कंधारला असेल तर कंधारलाच जा. काही नसेल तर माघात शेतात या. ज्वारी डोक्याइतकी उभी असते, सकाळी सातला कणसांवर तिरकं ऊन पडतं. तिथं खुशाल एफ/१.८ ठेवा, कारण ज्वारी धूसर झाली तरी ज्वारीच दिसते.

केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत हातातल्या कॅमेऱ्यानं फोटो काढणं वेगळं, आणि ट्रायपॉड, लाइट, ड्रोन घेऊन शूट करणं वेगळं. दुसऱ्याला आधी परवानगी लागते. तारीख ठरवण्याआधी ती काढायला घ्या, गेटवर हुज्जत घालू नका.

मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडनं हेच होतं ना?

वरचाच हिशोब मोबाइलला लावा. त्याच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंथ ६-७ मिलिमीटर असते, एफ/१.८ नं भागली की चकती चार मिलिमीटरचीही होत नाही. म्हणजे मोबाइल मागचं जवळपास सगळं स्पष्टच टिपतो आणि मग सॉफ्टवेअर अंदाजानं ते पुसतं. अंदाज चुकतो तो नेमका लग्नातच: मुंडावळ्यांचे मोत्यांचे पदर अर्धे गायब, फेट्याचा तुरा कापलेला, गजऱ्यातून दिसणारी भिंत स्पष्ट आणि बाजूची धूसर.

पण याच गुणामुळं पाव्हण्यांचे मोबाइलचे फोटो आम्हाला मोलाचे वाटतात. पोर्ट्रेट मोड बंद ठेवून काढायला सांगा आणि नंतर सगळ्यांकडून गोळा करा. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर मूळ आकारात येतात.

ब्लर नंतर एडिटिंगमध्ये करता येतो का? आणि आलेला काढता येतो का?

करता येतो, कडा नीट निवडल्या तर बराही दिसतो. आलेला काढता येत नाही. आता काही सॉफ्टवेअर धूसर भाग "स्पष्ट" करून देतात, पण ते तिथं काय असावं हे स्वतःच्या मनानं रंगवतात. वाड्याच्या त्या दारावर आम्ही तेही करून पाहिलं. दार छान आलं, पण त्यावरची फुलं भलतीच होती. मोठ्या भावाला तो फोटो आम्ही पाठवला नाही.

म्हणून शंका असेल तिथं दोनदा काढा: एकदा एफ/२, एकदा एफ/८. डायल फिरवायला दोन सेकंद लागतात.

रात्रीच्या वरातीत मागच्या दिव्यांचे गोल हवेत.

मिळतील. ८५ ची लेन्स, पूर्ण उघडी, मागच्या दिव्यांच्या माळा शक्य तितक्या लांब. कडेचे गोल लांबट, डोळ्याच्या आकाराचे येतात; तो लेन्सचा स्वभाव आहे. एफ/२.८ वर आणलं की बरेचसे गोल होतात. हलगीवाल्यांचे फोटो मात्र ३५ नं, जवळ जाऊन.

ड्रोनचे फोटो घेता का?

घरमालकाची आणि नियमांची परवानगी असेल तिथं घेतो. वरून गाव, ओढा, मांडव, शेतं असं सगळं येतं, ते दोन-तीन फोटो अल्बमच्या पहिल्या पानाला छान. मंगलाष्टकांच्या वेळी ड्रोन उडवत नाही, भटजींचा आवाज बुडतो.

लग्नाआधी तुम्हाला काय सांगून ठेवायचं?

घरातली कुठली जागा जपून ठेवायची आहे ते. आज्जा कुठं बसतात, देवघर कुठं, पाडायला काढलेली भिंत कुठली, नव्या रस्त्यात जाणारा लिंब कुठला. फोटोंच्या फोल्डरला आम्ही गावाचं, वाडीचं नाव आणि तारीख देतो, तेव्हा गावाचं जुनं नाव असेल तर तेही लिहून द्या. आदल्या दिवशी, मुहूर्ताच्या वेळेलाच आमच्यातला एक जण येऊन ऊन कुठून पडतं ते बघून जाईल. जेवणाचं काही करू नका. माळवदावर जायची शिडी कुठं ठेवलीय, तेवढं दाखवायला एखादं पोरगं सोबत द्या.